सायकल चालवून पाहिलेला रस्ता

दर सप्टेंबरात होणाऱ्या शंभर मैलांच्या खडीच्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीचा नकाशा ऐली कांगसच काढायची. कागदाच्या तळाशी तिच्या हातची एकच ओळ असायची: ‘सगळ्या रस्त्यावर मी स्वतः सायकल चालवून पाहिली आहे.’ बावीस वर्षं ती ओळ खरी होती. यंदा ती खोटी होती, आणि हे ऐलीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये तिने गुपचूप गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. सरळ तसं सांगून टाकलं असतं तर कुणी तिला खाऊन टाकणार नव्हतं! पण बाईचा ताठा केवढा! ‘ऐली थकली, आता दुसऱ्या कुणाला तरी सांगा,’ हे तिला ऐकायचं नव्हतं. बाकी रस्ता तर तिला तोंडपाठ होता. पण नेमका ऑगस्टच्या पुरात लून तळ्याजवळचा पूल वाहून गेला, आणि सात मैलांची नवी वाट शोधणं भाग पडलं. तिने घरबसल्या सायकलवाल्यांचं ॲप उघडलं. जिथून खूप सायकली गेलेल्या असतात तिथे त्यात लाल रेघ ठळक दिसते. तळ्याच्या उत्तरेला, जंगलातून, अशी एक ठसठशीत रेघ गेली होती. तिने तीच उचलली आणि खाली नेहमीची ओळ लिहून टाकली.

शर्यतीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला पहिली टोळी अग्निशमन दलाच्या शेडपाशी, शर्यतीच्या शेवटाला पोचली, तेव्हा ऐली सूप वाढत होती. पुढे मॅरेन होती, शाळेत गणित शिकवणारी. छातीपर्यंत काळ्या चिखलाने बरबटलेली.

“ऐलीबाई, रस्ता काढलात की आमच्यावर सूड उगवलात?” सायकल भिंतीला टेकवत ती कडाडली. “मैलभर दलदल आहे तिथे! कंबरभर चिखलात रुतून बसलो. शेवटी सगळे मागे फिरलो आणि डांबरी रस्त्याने वळसा घालून आलो.”

ऐलीच्या हातातला डाव तसाच राहिला. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या लाल रेघेवरून शेकडो लोक गेले होते खरे, पण ते जानेवारीत, जाड टायरच्या सायकलींवरून, गोठलेल्या दलदलीवरून. तो हिवाळी रस्ता होता. तिचे वडील त्याच वाटेने बर्फावरून लाकूड ओढून आणायचे, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागला की घरातल्या कुत्र्यालासुद्धा तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. बाहेरगावच्या कुणी अशी चूक केली असती, तर ऐली त्याला वर्षभर हसली असती.

“सगळे फिरलात ना मागे?” तिने विचारलं.

“व्हर्नर सोडून. परत येताना भेटला तो. त्या म्हाताऱ्याला किती समजावलं आम्ही! ऐकेल तर शपथ. म्हणतो, ‘ऐलीने सायकल चालवलीय ना तिथून? मग वाट आहे. तुम्हा पोरांना दिसत नाही एवढंच.’”

व्हर्नर लिंडक्विस्ट बहात्तर वर्षांचा. दर शर्यतीत हटकून शेवटचा येणारा. बायको गेल्यापासून दर रविवारी ऐलीच्या मागे मागे सायकल हाकणारा. तिने वळण घेतलं की तोही घ्यायचा, कुठे चाललोय म्हणून कधी विचारायचा नाही. जूनपासून मात्र ‘यंदा रस्ता एकटीच बघतेय’ असं सांगून तिने त्याला टाळलं होतं. बाहेर बोचरा वारा सुटला होता, आणि तिकडे फोनला रेंज नव्हती.

“गॉर्डी,” तिने अग्निशमनच्या स्वयंसेवकाला हाक मारली, “तुझी ती चिखलात चालणारी चार चाकांची मोटरसायकल काढ. आत्ताच्या आत्ता.”

दलदलीच्या तोंडाशी मॅरेन आणि आणखी दोघं ट्रक घेऊन थांबली. ऐली गॉर्डीच्या पाठीमागे बसून आत गेली. गुडघा ठणकत होता. ठणकू दे मेला, तिला वाटलं. देवा, त्याला काही होऊ देऊ नकोस, मी सगळं सांगते, सगळ्यांदेखत सांगते, असं ती पुटपुटत होती.

आधी सायकल दिसली, टॅमरॅकच्या झाडाच्या बुंध्याला नीट टेकवलेली. तिथून साठेक पावलं आत, आडव्या पडलेल्या ओंडक्याला मिठी मारून, व्हर्नर कंबरेपर्यंत चिखलात उभा होता. ओठ निळे पडलेले.

“आलीस का?” त्याचे दात वाजत होते. “तुझी वाट कुठे आहे गं? डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. तुझ्या टायरची खूण तरी दिसेल म्हटलं. दोन तास शोधतोय.”

गॉर्डीने दोर टाकून त्याला ओढून काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि ट्रकपाशी आणलं.

“आमचं ऐकलं असतंत तर!” मॅरेन रडवेली झाली होती. “असा रस्ता काढतात का कुणी?”

“ए पोरी, रस्त्याला नावं ठेवायची नाहीत,” व्हर्नर म्हणाला. “माझेच डोळे गेलेत. ऐली गेली ना तिथून? मला सापडली नाही वाट, त्यात तिचा काय दोष?”

सगळे हसले. गॉर्डीने ट्रकचं दार उघडलं. विषय तिथेच मिटत होता. ऐलीने फक्त गप्प बसायचं होतं.

“मी गेलेच नव्हते तिथून,” ती म्हणाली. “गुडघ्यामुळे जमलं नाही. घरी बसून रेघ मारली आणि खाली खोटं लिहिलं.”

व्हर्नर तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

“मग मी काय शोधत होतो गं?” त्याने हळूच विचारलं.

त्याच्या पावलांवरून घोंगडी सरकली होती. ती नीट करायला ऐली खाली वाकली, तेव्हा त्याने पाय जवळ ओढून घेतले.