‘कळलं का?’ नंतरची शांतता

मी एक जुना मायक्रोफोन आहे. माझी स्पंजाची टोपी विरली आहे, मान एका बाजूला कलली आहे. मित्रांनो, कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखादी गायिका भेटेल. वाट्याला आल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका!

विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलांना त्या घरूनच ऑनलाइन शिकवायच्या. प्रश्न विचारला की सगळे चिडीचूप. “अरे, बोला कुणीतरी! इथून मी काही तुम्हाला खात नाही,” त्या म्हणायच्या. मग “कळलं का?” विचारून थांबायच्या. पडद्यावर माना डोलेपर्यंत थांबायच्या. त्या शांततेतला त्यांचा श्वास, खुर्चीची कुरकुर, टेबलावर टेकलेला चष्मा, सगळं मी टिपायचो.

एकदा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, रुग्णांचं सरासरी वजन फारच कमी येतंय.”

“अगं, जे तपासणीला परत आलेच नाहीत, त्यांच्यापुढे तू शून्य लिहिलंयस! शून्य वजनाची माणसं भेटली कुठे तुला?”

सगळे हसले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आला नाही म्हणजे शून्य नव्हे. ती जागा रिकामी ठेवायची.”

त्याच वर्षी त्या गेल्या. माझ्यावर धूळ साचली.

पुढे विभागातून त्यांच्या मुलीला फोन आला. “ताई, मॅडमचे रेकॉर्ड केलेले तास नव्या मुलांना दाखवायचेत. मधल्या शांत जागा तेवढ्या कापून द्याल?”

मुलगी आईच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. तिने पहिली शांतता कापली. लगेच “कळलं का?”ला चिकटून “छान, पुढे जाऊ” ऐकू आलं. कुणासाठी न थांबणारी कुणी भलतीच बाई बोलत होती.

“ही माझी आई नाही,” ती म्हणाली. कापलेलं तिने परत जोडलं आणि पुन्हा लावलं.

ज्या आवाजापुढे मी वर्षानुवर्षं उभा होतो, तो आता स्पीकरमधून माझ्यावरच येत होता.

“कळलं का?”

शांतता. श्वास. शेजारची आईची खुर्ची रिकामी होती, तरी कुरकुरली.

“हो, आई,” मुलगी म्हणाली.

“छान. पुढे जाऊ.”

तास होते तसेच पाठवले गेले. मित्रांनो, गेलेल्या माणसाचा आवाज सगळेच जपतात, त्याचं थांबणंही जपा. जमलं तर माझ्यावरची धूळ पुसा. त्या खुर्चीवर मात्र काही ठेवू नका.