दाराचे आकडे

इंचनमधला हा फ्लॅट घेताना सासूबाईंनी निम्मे पैसे दिले आणि म्हणाल्या, "परत करायचे नाहीत. आईने पोराला दिलेत." उसने दिले असते तर कधीतरी फिटले तरी असते. दाराला किल्ली नाही, आकडे दाबले की ते उघडतं. आकडेही त्यांनीच ठरवले, लेकाची जन्मतारीख.

घर मुलाकडच्यांनी द्यायचं आणि घरातलं सामान मुलीकडच्यांनी, ही आमची कोरियातली रीत. माझ्या आईने तिकडे दूर मोकपोच्या बाजारात मासळी विकून फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग सगळं दिलं. तिला आकडे कुणी सांगितले नाहीत आणि तिनेही विचारले नाहीत.

आकडे बदलूया म्हटलं की नवरा म्हणतो, "आईने कधी पैसे परत मागितलेत का?"

काल मी तापाने फणफणले होते. बेल न वाजताच दार उघडलं. सासूबाई थेट फ्रिजपाशी गेल्या, मी आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा हुंगला आणि म्हणाल्या, "हे खातो होय माझा मुलगा?"

तेवढ्यात बेल वाजली. ताप आल्याचं कळून माझी आई पहिल्या बसने आली होती. मला उठवेना, म्हणून दार सासूबाईंनी उघडलं.

"विहीणबाई, फोन करून यायचं ना. न सांगता कुणाच्या घरी जातं का कुणी?"

"चुकलंच माझं," आई म्हणाली. तिच्या हातात खारवलेल्या मासळीची पिशवी होती. दारातून तिला मी पलंगावर दिसत होते, तरी तिने त्यांनाच विचारलं, "आत येऊ का?"