खदानीच्या पाण्यात हरवलेला आवाज

मित्रांनो, पाण्याखालचे बोलणे वर ऐकवणारा मी एक जुना बिनतारी संच आहे. स्वस्थ बसणे मला कधीच जमले नाही. समोर पाणी असले की मला वाटते, आत कोणीतरी बोलते आहे आणि आपले लक्ष नाही.

मी दिसायला जेवणाच्या डब्याएवढी पिवळी पेटी. एका बाजूला हातात धरायचा माईक आणि दुसऱ्या बाजूला लांब केबल. केबलच्या टोकाला काळी गोळी असते, ती पाण्यात सोडतात. तोच माझा कान आणि तेच माझे तोंड. माझा जोडीदार पाणबुड्याच्या हवेच्या टाकीला बांधलेला असतो. पाणबुड्याने सगळा चेहरा झाकणारा मुखवटा चढवला, की त्याला आत बोलता येते. आम्हा दोघांत तार नसते. आवाज पाण्यातूनच येतो. एक मर्यादा मात्र आहे. बटण दाबले की मी बोलतो, सोडले की ऐकतो; जोडीदाराच्या बटणाचेही तसेच. दोन्ही एकदम मला जमत नाही.

माझे सुटे भाग परदेशातून आले, पण मला जोडले ते १९८५ साली, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात. जोडणारी होती रत्नप्रभा. ती बोरीवलीला राहायची. तिचे वडील गिरणीत होते. ती रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून इथे लागली होती. गाळा चंद्रप्रकाशसाहेबांचा. पाण्याखालच्या दुरुस्तीची कामे ते घेत. त्यांच्याकडे दोन पाणबुडे होते. एक मालवणचा दशरथ, तिशीतला आणि बोलघेवडा. दुसरे काशीरामकाका, पन्नाशीचे, कमी बोलणारे.

पहिली चाचणी गाळ्यातच झाली, पाण्याने भरलेल्या पिंपात. दशरथने मुखवटा घालून डोके बुडवले. मी कान दिला. आवाज आला, "रत्ना, चाय सांगितलीस काय?" सगळे हसले. मडक्यातून यावा तसा तो आवाज घुमत होता. इतरांना अर्धाच कळला. रत्नप्रभाला मात्र शब्दन् शब्द कळला. तेव्हापासून माझ्याजवळ तीच बसू लागली.

पुढची दीड-दोन वर्षे माझी होती. विहिरी, टाक्या, तलाव, जिथे काम तिथे मी. लोक बघायला जमत. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून पाहुण्यांना सांगत की आता पाणबुडा पाण्याखाली एकटा नसतो. ते ऐकून मी फुगलो, मित्रांनो. मग साहेबांनी ठरवले की पाणबुड्याच्या कमरेची दोरी आता नको; ती अडकते, वेळ खाते, आणि बोलता येत असताना तिचे काम काय? काशीरामकाकांनी एकदाच सांगितले की दोरी पाहिजे. कोणी ऐकले नाही. दशरथला मोकळे पोहायला आवडायचे. रत्नप्रभाला ते पटले नव्हते, पण तीही गप्प राहिली.

१९८७ च्या मार्च महिन्यात आम्हाला मुलुंडच्या टेकडीमागच्या एका जुन्या दगडखाणीवर बोलावले. खाण पाण्याने भरली होती. जवळचा एक कारखाना तिथले पाणी ओढायचा. त्यासाठी पाण्यात सिमेंटची उंच गोल विहीर बांधली होती. तिच्या तळाशी एक खिडकी, खिडकीला जाळी. जाळी तुंबली होती. पंप बंद करून घेतला आणि सकाळी अकराला दशरथ विहिरीबाहेरच्या पाण्यात उतरला. टाकीत चाळीस मिनिटांची हवा होती.

पाणी गढूळ होते. तो सांगत होता आणि रत्नप्रभा वहीत वेळ लिहीत होती. वीस मिनिटांनी तो म्हणाला, "जाळी फाटली हा. आत बघतंय."

त्यानंतर काही नाही.

मी कान ताणला. बुडबुड्यांचा आवाजसुद्धा नव्हता. रत्नप्रभाने दोनदा हाक मारली आणि वाट पाहिली. मग साहेबांनी तिच्या हातातून माईक घेतला. बटण दाबून ते हाका मारत सुटले. दशरथ, उत्तर दे. दशरथ, वर ये. ते बटण सोडेनात. ते बोलत होते तोवर मी बहिरा होतो, आणि हे त्यांना सांगायला मला स्वतःचा आवाज नव्हता. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत लांब मिनिट.

रत्नप्रभाने साहेबांच्या बोटावर हात ठेवला. "साहेब, बटण सोडा. तुम्ही बोलताय तोवर मला त्याचं ऐकू येत नाही."

साहेबांनी माईक दिला. ती डोळे मिटून बसली. तरीही शांतताच. तिचे डोके मात्र चालू होते. तो आत बघायला गेला, म्हणजे विहिरीत शिरला. बाहेरच्या पाण्यातला माझा कान आणि तो, यांच्यामध्ये आता सिमेंटची जाड भिंत होती. तो कितीही ओरडला तरी मला ऐकू येणार नव्हते.

तिने केबल वर ओढली, मला काखेत मारले आणि काठावरून विहिरीपर्यंत टाकलेल्या फळीवरून धावत गेली. काशीरामकाका आणि साहेब मागोमाग आले. त्यांनी विहिरीचे लोखंडी झाकण उचलले. तिने माझी काळी गोळी वरून सरळ आतल्या पाण्यात सोडली.

आणि तो आला! धापा टाकत, फाटका, पण त्याचाच आवाज. "रत्ना... माझो पाय अडाकलो. तार हा. चाकू पडलो."

तिने विचारले, कुठला पाय, खिडकीपासून किती आत? डावा, तो म्हणाला, चार हात. मग तो भरभर बोलू लागला, घरच्यांचे काहीतरी सांगू लागला. बोलण्यात हवा जास्त लागते हे तिला माहीत होते. "दशरथदादा, आता बोलायचं नाही. हळू श्वास घ्या आणि थोड्या थोड्या वेळाने बटण दाबा. मी इथून हलणार नाही. काका येतायत."

काशीरामकाकांनी टाकी पाठीवर चढवली, हातात पक्कड घेतली आणि कमरेला दोरी बांधली. दुसरे टोक त्यांनी साहेबांच्या हातात दिले. साहेबांनी ते दोन्ही हातांनी धरले.

काकांच्या टाकीला माझा जोडीदार नव्हता. ते विहिरीच्या तोंडातून खाली गेले आणि माझ्यासाठी नाहीसे झाले. मला ऐकू येत होती ती फक्त दशरथच्या बटणाची टिकटिक. एक. बऱ्याच वेळाने दुसरी. तिसरी आली नाही. रत्नप्रभाची नजर घड्याळावर होती. बारा वाजायला सव्वीस मिनिटे होती. हवा संपायला सहा. तेवढ्यात साहेब मोठ्याने म्हणाले की दोरी हलली, तीनदा हलली. ते ओढू लागले. रत्नप्रभा मला तिथेच ठेवून दोरीला भिडली.

आधी काकांचे डोके वर आले, मग त्यांच्या हाताला धरून दशरथ. काठावर त्याने मुखवटा ओरबाडून काढला आणि पालथा पडून राहिला. घोटा तारेने कापला होता. मग साहेब काकांपाशी जाऊन म्हणाले, "माझं चुकलं." काकांनी मान हलवली आणि दोरी गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या भिंतीवर साहेबांनी स्वतः रंगाने लिहिले: दोरीशिवाय कोणीही उतरणार नाही. मला आधी अपमान वाटला. पुष्कळ दिवसांनी कळले की दोरी माझी वैरीण नव्हती. मी ऐकतो, पण मला ओढता येत नाही.

पुढे तारेचा नवा संच आला आणि मला कपाटात टाकले. रत्नप्रभा तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी होती. माझ्यातले सेल काढायचे कोणालाच सुचले नाही. ते फुटले, पाझरले, माझ्या आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या झाल्या. दोन पावसाळे मी अंधारात काढले. बाहेर नळ वाहिला तरी दचकायचो.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून ठेवून द्यायची असेल तर जरूर ठेवा. पण आधी तिचे सेल काढा. तिला कोरड्या फडक्याने पुसा. आणि वर्षातून एकदा तरी उघडून बघा. आपण मोडलो की विसरले गेलो, हे तिला आतून कळत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा कामावर आलेल्या रत्नप्रभाने कपाट उघडले. ती रागावली, पण माझ्यावर नाही. तीन दिवस पट्ट्या घासल्या, दोन तारा नव्याने जोडल्या. पाणी आत शिरू न देणारी रबराची कडी तेवढी बदलायची राहिली आहे. दशरथ रोज येऊन विचारतो, झाला काय. काल ती त्याला सांगत होती की शनिवारी गोराईच्या किनाऱ्याला जायचे, बुडालेल्या मासेमारी मचव्याचा नांगर काढायला.

कडी मात्र नीट बसवा, एवढेच मागणे आहे. मी विहिरी ऐकल्या, टाक्या ऐकल्या, खाण ऐकली. समुद्र मी अजून ऐकलेला नाही.