अप्पांचा बार

ठासणीची रायफल शिकताना भरण्याआधी मोजायला शिकावे लागते. हा पहिला धडा मला भीमसेनमामांनी मैलापूरच्या आमच्या ओसरीवर दिला, एकोणीसशे अठ्ठावन्नच्या नवरात्रात. मामांची पंचवीस वर्षे लष्कराच्या शस्त्रागारात गेली होती. रायफल आमच्याच घरची, तंजावराहून आलेली. त्यांनी लोखंडी गज तोंडातून नळीत सोडला, तो टेकला तिथे तोंडाशी नखाने खूण धरली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. गजाचे टोक घोड्यापर्यंत पोचायला हवे होते. ते वीतभर अलीकडेच थांबले.

"चंद्रमौळी," मामा हलक्या आवाजात म्हणाले, "हिच्या पोटात काय आहे रे?"

मला ठाऊक नव्हते. अम्माला होते.

"काय म्हणजे? तिचा घास," कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या मांडणीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या नीट करीत ती म्हणाली. "तुझ्या अप्पांनी शेवटचा भरलेला बार तळाशी आहे. त्याच्यावर मी दर खंडेनवमीला एक पळी बंदुकीची दारू घालते आणि विड्याचे पान गजाने दाबते. आयुध उपाशी ठेवू नये. सासूबाई घालत, मी घालते."

"आजीच्या वेळी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो बार उडवत, अम्मा."

"उडवत. उडवायला माणूस होता तेव्हा."

उद्याची धरून बावीस पळ्या होणार होत्या. बावीस आश्विन एकावर एक ठासलेले, आणि सर्वांत खाली, अंधारात, एका मेलेल्या माणसाच्या हातचे एक माप.

"काळी दारू कोरडी असली तर म्हातारी होत नाही," मामांनी बजावले. "एवढ्या भाराने नळी फाटेल. डोळा जाईल, हात जाईल, कदाचित माणूसच जाईल. उकळते पाणी ओता, सगळे विरघळवून काढा. तोवर घोड्याखाली ठिणगीची टोपी लावायची नाही."

पण टोप्यांची डबी माझ्या थोरल्या भावाच्या, तुळजाजीअण्णाच्या खिशात होती. दसऱ्याला तिरुवान्मियूरच्या वाळूत बार काढायचा त्याने बेत केला होता आणि कचेरीतल्या चौघांना बोलावले होते.

"राजाचं नाव लावतो म्हणून वर्षभर 'महाराजा, फाईल आणा' म्हणत पिडलंय मला. ऐकू देत आता आवाज."

"अण्णा, नळी फाटेल."

"बी.ए. झाल्यापासून तुला सगळीकडे तडेच दिसतात. पोदुम्, पुरे!" मग त्याचा स्वर एकदम खाली आला. "त्यांनी भरलाय तो, चंद्रू. अप्पांचा बार मी पाणी घालून मोरीत सोडू?"

अम्मानेही सांगून टाकले, "पाण्याने विझवलेलं आयुध देवघरात परत येणार नाही."

दसऱ्याच्या सकाळी अण्णा अंघोळीला गेला, तेव्हा कॉफीसाठी उकळलेले पाणी मी देवघरात नेले आणि नळीत ओतले. ते काठापर्यंत आले आणि थांबले. मी वाट पाहिली. पातळी करंगळीच्या पेराएवढी उतरली, पुन्हा थांबली. कोणत्या वर्षापर्यंत पोचले असेल ते? मोरीतला तांब्याचा आवाज बंद झाला. मी घाईने नळी उलटी केली. पाणी जवळजवळ नितळच बाहेर आले. धोतराच्या सोग्याने मी नळीचे तोंड पुसले आणि कोणालाही काही सांगितले नाही.

तिरुवान्मियूरला वारा पडला होता. समुद्र शिशासारखा जड, आभाळ त्याच्यावर टेकलेले. चौघे छत्र्या मिटून उभे राहिले.

"महाराजा, लंकेपर्यंत ऐकू जाऊ दे!"

अण्णाने टोपी बसवली, घोडा ओढला, दस्ता खांद्याला लावला. तेव्हा कुठे मला उमगले की टोपीची ठिणगी तळाशी पडते. पाणी जिथे सर्वांत शेवटी पोचेल, किंवा पोचणारच नाही, तिथे. मी "अण्णा!" म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी त्याने चाप ओढला.

टचकन टोपी फुटली. पुढे काहीच झाले नाही.

"फाईल अडकली!" कोणीतरी म्हणाले आणि चौघेही हसले.

अण्णाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने दस्ता वाळूत टेकवला आणि नळीत पाहायला तो वाकला. मी दोन्ही हातांनी नळी ढकलली. रायफल समुद्राकडे तोंड करून पडली. त्याचे मनगट धरून मी त्याला मागे खेचत नेले.

"मी पाणी घातलंय, अण्णा. सकाळी. पण तळापर्यंत गेलं नसेल. आत धुमसत असेल."

तो थांबला. नळीपेक्षा त्याला माझे पहिले वाक्यच अधिक लागले होते.

"अप्पांच्या बारावर? तू पाणी घातलंस?"

"हो."

हसणे थांबले. छत्र्या मागे सरकल्या. अण्णा रायफलीकडे पाऊल टाकू लागला आणि मी त्याच्या कमरेला मिठी घातली. लहानपणी तो मला असाच विहिरीच्या काठावरून ओढून काढायचा. तो माझ्याहून बळकट होता. माझ्या टाचा वाळूत रुतत चालल्या.

"सोड, चंद्रू. लोक बघतायत."

"बघू देत."

घोड्याखालून धुराचा एक बारीक धागा निघाला होता. वारा नसल्यामुळे तो सरळ वर चढत होता. अण्णाने तो पाहिला की नाही, मला कळले नाही. तो ओढतच राहिला आणि मी धरून राहिलो.