घरी घेतलेला अंगठा

“सव्वा महिना उंबरा वलांडानं नही. देवदर्शनलेबी नही. कोपरा धरीसन बसानं.” वच्छलाबाईंच्या सासूनं कधीकाळी आपल्या विधवा लेकीला हे बजावलं होतं. सासू जाऊन बारा वर्षं झाली, पण आवाज कानातून गेला नव्हता. म्हणून अभिमन सुरतेच्या साथीत गेला, तेव्हा पोटच्या पोराचं दुःख गिळून वच्छलाबाईंनी तेच शब्द सून कुंदाला सांगितले.

अभिमन तिकडे कापडाच्या लूमवर कामाला होता. साथ आली नि धुळे-जळगावकडचे कामगार मिळेल त्या गाडीनं पळून आले. तो तापानं फणफणलेला, त्याला गाडीत कोणी घेईना. त्याच्याबरोबर लूमवर असलेल्या गिरधरनं तो गेल्याची बातमी आणली तीही अंगणाबाहेर उभं राहून, तोंडाला उपरणं लावून. पुढे कितीतरी दिवस गल्लीतलं कोणी दाराशी फिरकलं नाही. वच्छलाबाईंचे सोमवार, एकादशीचे उपास नेमाचे. आता बाकीचे दिवसही तसेच जाऊ लागले.

साथ ओसरल्यावर गावचा कोतवाल भटू आला. साथीत कर्ता माणूस गेलेल्या बायांची नावं सरकारच्या निराधारच्या यादीत घेणार होते. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन पैसे दारात आणून देणार.

“अक्का, शुक्रवारी सूनले तालुक्याले पाठाडा. अंगठा सायबना समोर द्यावा लागस.”

वच्छलाबाईंनी बोटं मोजली. शुक्रवार म्हणजे एकोणतिसावा दिवस.

“तवयबी कोपरा सुटाले नऊ दिन बाकी ऱ्हातीन, भाऊ.”

“सरकारले कोपरा नही समजत, अक्का.”

“मंग तू समजाडी सांग.”

भटू हसत निघून गेला. वच्छलाबाईंनी त्यांच्या मते बिनतोड उपाय काढला. कुंदाचा अंगठा कोपऱ्यातच कोऱ्या कागदावर काजळानं उठवला, खाली आपले धाकटे दीर लोटन यांच्याकडून नाव लिहून घेतलं, कागद देवापुढे ठेवला आणि शुक्रवारी त्यांच्याच हाती तालुक्याला धाडला.

लोटन दिवेलागणीला परतले, कागद तसाच खिशात.

“कारकून म्हने, बाई कोठे शे? मी म्हनं, कोपरामा. तर बठ्ठी कचेरी हासनी, वहिनी. म्हने, मरेल मानूसना अंगठाबी असाच येस.”

यादी त्याच दिवशी बंद झाली.

त्या आठवड्यात मात्र गल्लीतल्या बाया आल्या. आता दारात यायची भीती उरली नव्हती. “सून असावी ती अशी!” बेबाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “तालुक्यानं बलावं तरी पाय बाहेर नही टाका. पुण्यवान शे तू, अक्का.” डब्यातली ज्वारी तळाला गेली होती, आणि पुण्य वाखाणायला आलेल्यांपैकी एकीच्याही पदराखाली मूठभर पीठ नव्हतं.

कोपरा सुटला तशी कुंदा कापूस वेचायला जाऊ लागली. बाया दारात आल्या, तरी सुरतवाल्यांच्या घरची म्हणून कामाला मात्र जवळच्या शेतात अजून कोणी घेईना. ती दोन कोस चालून जाई. बोंडांनी फाटलेली बोटं धुताना तिनं एवढंच विचारलं, “आई, तो कागद व्हई का आते?”

“व्हई. मी करी आनसू,” वच्छलाबाई म्हणाल्या. एवढं बोलल्या खऱ्या, पण त्यांना रात्रभर झोप आली नाही.

लोटननी चौकशी केली. बाई का आली नाही, याचा जबाब घरच्या वडीलधाऱ्यानं दिला, तर साहेबांच्या मनात आल्यास नाव चढेल.

“सून तापमा होती, असं सांगा, वहिनी.”

“साथना घरमा ताप सांगू? आनि तो बी खोटा?”

“मंग काय सांगशात?”

“मीच तिले घरमा अडाई, असं.”

ही गोष्ट गावात फुटली. चुडामण आबा, गावातले जाणते, दारात येऊन उभे राहिले. “वच्छलाबाई, हाई कागदवर नका चढावू. गावनी रीतनं बाई उपाशी मारी, असं तालुका म्हनी. हासतीन लोके.”

“ते आधीच हासनात, आबा.”

सोमवारी कुंदा शेतात गेल्यावर वच्छलाबाईंनी देवापुढे दिवा लावला. मागणं काहीच मागितलं नाही. एस्टीच्या भाड्याला पैसे नव्हते. वाटेत बेबाबाई भेटली. “मंदिरमा का, अक्का?”

“नही,” वच्छलाबाई हळू म्हणाल्या आणि पायीच तालुक्याच्या रस्त्याला लागल्या.