पानाच्या टोकाखालचं दार

ऑफिसात सगळे त्याला पाठीमागे ऋषी म्हणत. दाढी होती, सैल सुती कपडे होते आणि बोलताना डोळे अर्धवट मिटून घ्यायची सवय होती. आर्किटेक्ट म्हणून नाव मोठं. मासिकांत फोटो यायचे, कॉलेजांत भाषणं व्हायची. त्याच्या इमारती उभ्या राहायच्या त्या मात्र इंजिनीअरबाईंच्या गणितावर. एकोणीस वर्षं बाई त्याच्या ऑफिसात खिडकीजवळच्या टेबलाशी बसून खांब किती जाड, सळ्या किती, पाया किती खोल हे ठरवत आल्या होत्या. आणि एकोणीस वर्षं त्याला मनातल्या मनात नावं ठेवत आल्या होत्या.

नावं ठेवायला जागा भरपूर होती. ऋषीने मधमाश्यांच्या पोळ्यासारखं वाचनालय बांधलं होतं. सहा कोनांच्या खोल्या, दिसायला देखण्या, पण पुस्तकांचं एकही कपाट कोपऱ्यात धड बसेना. शेवटी कपाटं खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि वाचणारे त्यांच्या आडोशाला खुर्च्या शोधत फिरू लागले. मग शंखासारखा दवाखाना झाला. आत गोल गोल चढत जाणारा उतार, त्यावर स्ट्रेचर वळेना. वरच्या मजल्यावर न्यायच्या पेशंटला दोघं जण खुर्चीत बसवून उचलत. त्या दवाखान्याला बक्षीस मिळालं.

"परीक्षक धडधाकट असणार," बाई घरी म्हणाल्या. "आणि गोगलगायीला काय, ती आजारी पडली तरी घरातच असते."

घरी म्हणजे ताईपाशी. थोरली बहीण. नर्स म्हणून निवृत्त झालेली, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. दोघी चार मजली इमारतींच्या एका वसाहतीत दोन खोल्यांत राहत. संध्याकाळी बाईंनी ऋषीची नक्कल करायची आणि ताईने भाजी चिरता चिरता हसायचं, असा रिवाज पडला होता.

वसाहतीच्या मधे मोकळी जागा होती. तिथे सगळ्यांसाठी सभागृह बांधायचं ठरलं आणि ते काम ऋषीकडे आलं. ताई वसाहतीच्या समितीत होती. तिने एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. शंभर माणसं बसतील एवढी जागा. तळमजल्यावरच दोन संडास, व्हीलचेअर आत जाईल अशा दाराचे. चहापाण्यासाठी ओटा. आणि शिलाई मशिनं ठेवायला कुलूप लागेल अशी एक खोली. ऋषीने तो कागद छातीशी धरला, "किती प्रामाणिक अक्षर आहे," म्हणाला आणि ऑफिसच्या भिंतीवर टाचणीने लावून टाकला. पुन्हा कधी त्याच्याकडे पाहिलं नाही.

महिनाभराने तो वसाहतीत नमुना घेऊन आला. गाड्या लावायच्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ऋषी अनवाणी उभा राहिला. खिशातून एक खरंखुरं पान काढून त्याने पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात दिलं.

"हे तुमचं सभागृह," तो म्हणाला.

म्हातारीने पान उलटसुलट करून पाहिलं आणि शेजारणीकडे दिलं.

टेबलावरचा नमुना तसाच होता. भलंमोठं एक पान, मधली शीर खोलगट, टोक पुढे अधांतरी झुकलेलं. भिंती जवळजवळ नाहीतच, कडेने नुसता कठडा. ऋषी बोलत राहिला. शिरांबद्दल, सावलीबद्दल, माणूस झाडापासून कसा तुटला त्याबद्दल. आवाज मधाळ होता. बाई शेवटच्या रांगेत तोंडात मूग धरून बसल्या होत्या आणि मनात एकेका वाक्याला टपली मारत होत्या.

पहिल्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका उठले. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती, बोलणं मोजकं.

"पाऊस पडला की या छपरावरचं पाणी कुठं जाणार?"

"पानावरचं जातं तिथंच. शिरेवरून टोकाकडे आणि टोकावरून खाली. धबधबा."

"आणि दार कुठं आहे?"

"तिथंच." ऋषीने डोळे मिटले. "पाण्याच्या पडद्यातून आत शिरायचं. बाहेरचं जग बाहेर ठेवून."

टाळ्या पडल्या. बाईंनी मान वळवून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचा कारकून टाळ्या वाजवत होता, शाळेतली शिक्षिका वाजवत होती. या माणसांची बाईंना शिसारी आली. घरात नळ गळला तर प्लंबरची हजेरी घेणारे हे लोक दारातच धबधबा घ्यायला तयार होते, आणि तोही टाळ्या वाजवून. मग त्यांना ताई दिसली. तीही टाळ्या वाजवत होती.

"तुझी अक्कल कुठं गहाण पडली होती?" घरी आल्यावर बाईंनी विचारलं.

"मला छान वाटलं ते पान. आयुष्यभर चौकोनी वॉर्डांत काम केलंय मी."

"आणि तुझे संडास? तुझा ओटा? नमुन्यात दिसले कुठं?"

"नाही दिसले." ताईने हातातलं काम थांबवलं. "तुला दिसलं ना नाहीत ते? मग तू का नाही उठलीस? माणूस तुझा, गणित तुझं. तू मागं बसून नाक मुरडत होतीस."

"माझं काम खांबांचं आहे."

"मग खांबांचंच कर. आम्हांला हसू नकोस."

त्या दिवशी नक्कल झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ऋषीकडे गेल्या. पाण्याचा हिशोब त्यांनी करून नेला होता. ऋषीने कागद हातातही घेतला नाही. "तुम्ही पाण्याला घाबरता, बाई," एवढंच म्हणाला. बाईंनी पुढे एक अक्षर काढलं नाही. असल्या माणसाशी वाद घालणं त्यांना खालच्या पातळीचं वाटायचं.

त्याऐवजी त्यांनी दुसरी युक्ती केली. पान पुढे झुकलेलं, वाऱ्याने उचललं जाऊ नये म्हणून मागे वजन हवंच होतं. जमिनीत काँक्रीटचा एक ठोकळा पुरला असता तरी भागलं असतं. बाईंनी ऋषीला सांगितलं की एवढ्या मोठ्या पानाला देठही तसाच दणकट हवा, जमिनीवरचा, पोकळ, जाड भिंतींचा, वीस फूट बाय तीस.

ऋषीचा चेहरा उजळला. "देठ," तो म्हणाला. "अर्थातच."

त्या चौकोनी देठात बाईंनी सगळं कोंबलं. दोन संडास, रुंद दारं, ओटा, कुलपाची खोली आणि शिवाय बसायला मोकळी जागा. नकाशावर कारण म्हणून लिहिलं, छपराच्या स्थैर्यासाठी आवश्यक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोट्या कारणाखाली सही केली आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. उलट ऋषीला कसं गंडवलं म्हणून दोन दिवस गुदगुल्या होत राहिल्या. दार मात्र टोकाखालीच राहिलं. त्या नकाशावरही सही त्यांचीच होती.

इमारत पुरी झाली ती ऐन कोरड्या दिवसांत. उद्घाटनाला पाऊस नाही म्हणजे धबधबा नाही, आणि धबधबा नाही म्हणजे फोटो नाही. ऋषीने पाण्याचा टँकर मागवला. छपरावर पाइप चढवला. फोटोग्राफर समोर खुर्चीवर उभा राहिला, पाहुण्यांनी फीत कापली आणि ऋषीने हात वर केला.

पाणी शिरेवरून धावत आलं आणि टोकावरून कोसळलं. पडदा वगैरे काही नव्हता, सरळ नळकांडंच फुटल्यासारखं ते दारात आपटलं आणि गुळगुळीत फरशीवरून आत घुसलं. पाहुणे कमरेपर्यंत भिजले. मागची माणसं पुढे रेटत होती, पुढची मागे. ड्रायव्हरकाका उंबऱ्यावर होते. त्यांचा पाय सरकला आणि ते हातावर पडले. हाड मोडल्याचा आवाज बाईंना चार पावलांवरून ऐकू आला.

ताई पदर खोचून आधीच खाली बसली होती. "तुझ्या पट्ट्या दे," ती बाईंकडे न बघता म्हणाली. बाईंनी पिशवीतून नकाशे काढायच्या दोन पट्ट्या दिल्या. ताईने त्या काकांच्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना ठेवून एका मुलीच्या ओढणीने बांधल्या.

बाकीचे सगळे आपोआप देठाच्या खोलीत गेले. तिथे कोरडं होतं. ओट्यावर चहा ठेवला गेला, भाषणंही तिथेच झाली. बाई काकांना रिक्षात बसवायला निघाल्या तेव्हा ऋषी एका पत्रकाराला सांगत होता, "समाजाचं मूळ पानात नसतं, देठात असतं. हे मी पहिल्यापासून मानत आलोय."

हॉस्पिटलात एक्स-रेसाठी रांग होती. काका भिंतीला टेकून बसले होते, चेहरा पांढरा पडलेला.

"बाई, या इमारतीची गणितं तुम्हीच केलीत ना?"

"हो."

"दारात पाणी पडणार हे आकड्यांत आलं होतं?"

"आलं होतं. मोठ्या पावसात मिनिटाला चारशे लिटर."

"म्हणजे वीसेक बादल्या."

"बावीस."

काकांनी बांधलेला हात मांडीवर घेतला. मग म्हणाले, "सांगितलं नाहीत."

"सरांना एकदा सांगितलं होतं."

"आम्हांला?"

बाई रांगेकडे पाहू लागल्या.

"गाडीचे ब्रेक धरत नाहीत हे मला कळलं असतं," काका म्हणाले, "आणि मी साहेबाला एकदा सांगून गाडी रस्त्यावर काढली असती, तर तुम्ही मला काय म्हणाला असतात?"

त्यांचा नंबर आला. ते उठून आत गेले. बाई बाकावर बसून राहिल्या. एकोणीस वर्षं त्या स्वतःला ऋषीहून वेगळ्या समजत आल्या होत्या. तो भोंदू आणि आपण जाणत्या. पण कपाटं भिंतीला टेकणार नाहीत हेही त्यांना आधी माहीत होतं, स्ट्रेचर वळणार नाही हेही. त्यांनी दर वेळी सही केली होती आणि घरी जाऊन विनोद केला होता. ऋषीला निदान कळत नव्हतं.

सोमवारी त्यांनी समितीला पत्र लिहिलं. दार बाजूला हलवावं, टोकाला पन्हळ लावून पाणी पाइपने जमिनीत सोडावं. धोका आपल्याला ठाऊक होता. देठाच्या खोलीचं नकाशावरचं कारण खरं नव्हतं, ते आपण बनवलं होतं. खाली सही केली आणि एक प्रत ऋषीच्या टेबलावर ठेवली.

ऋषीने पत्र दोनदा वाचलं.

"माझ्या पानाला पन्हळ?"

"हो, सर."

"एकोणीस वर्षं माझ्याबरोबर राहून तुम्हांला निसर्ग कळलाच नाही."

"पान टोकावरून पाणी टाकतं, कारण त्याला ते नको असतं," बाई म्हणाल्या. "खाली कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तेवढं मात्र तुम्ही हुबेहूब उचललंत."

त्यांना वाटलं होतं, आता तरी त्याला लागेल. ऋषी हसला, समजूतदारपणे, लहान मुलाकडे बघून हसावं तसा.

"तुम्ही दमलात, बाई. आणि हे देठाचं काय लिहिलंय? देठाची कल्पना माझी होती. तुम्ही फक्त मापं घातलीत."

तो खोटं बोलत नव्हता, हे बाईंना त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्याला खरोखर तसंच आठवत होतं. इतक्या वर्षांची त्यांची तुच्छता त्याच्या अंगाला कधी चाटूनसुद्धा गेली नव्हती. ती सगळी त्यांनी स्वतःच रिचवली होती. त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला आणि जेवणाच्या सुट्टीआधी ऑफिसातून बाहेर पडल्या.

समितीने होकार दिला. दार हलवायला तीन आठवडे लागले. गवंड्याबरोबर बाई रोज उभ्या राहिल्या. वसाहतीतल्या काहींनी बोलणं टाकलं. शिक्षिका म्हणाली, एवढी सुंदर वास्तू तुम्ही विद्रूप केलीत. बाईंनी ऐकून घेतलं आणि पन्हळीचा उतार पुन्हा तपासला. काकांचं प्लास्टर निघालं, पण मूठ पुरती वळेना. ते रोज देठाच्या खोलीत ताईसमोर बसून रबरी चेंडू दाबायचे. पानाखाली लोक स्कूटर लावू लागले. ऋषीने त्याच्या पुस्तकात उद्घाटनाचाच फोटो छापला, पाणी कोसळतानाचा. कडेची भिजलेली, धडपडणारी माणसं कापून.

पुढे पलीकडच्या वसाहतीची समिती बाईंकडे आली. त्यांनाही सभागृह हवं होतं. बाईंनी पंधरा दिवस तिथे जाऊन माणसं मोजली, कोण किती वाजता येतं, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत, सगळं विचारलं. मग साधा नकाशा काढला. चार भिंती, उतरतं छप्पर, दोन बाजूंना दारं.

चिटणीस बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण जरा साधं वाटतंय. माशाच्या आकाराचं नाही का करता येणार?"

बाईंच्या ओठांवर नेहमीचं काहीतरी टोचरं आलं होतं. ते घरी नेऊन ताईला सांगितलं असतं तर ती हसलीही असती.

"बसा," बाई म्हणाल्या. "मासा केला तर संडास शेपटीकडे जातील. तिथून तुमच्या बाराव्या खोलीतल्या आजी किती पावलं चालतील ते आपण मोजू. आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मी सभेत उठून सगळ्यांना सांगणार आहे."

चिटणीसांचा चेहरा उतरला. बाईंनी पट्टी नकाशावर ठेवली आणि मोजायला सुरुवात केली.