दंड घातलेली कॅसेट

मी एक जुना व्हीसीआर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिले नसेल. माझ्या तोंडात कॅसेट सारायची, मग मी आतली काळी फीत ओढून एका फिरत्या गोल डोक्यावरून नेतो आणि टीव्हीवर सिनेमा दिसू लागतो. त्या गोल डोक्याला सगळे 'हेड' म्हणतात. हेड म्हणजे माझा जीव. ते खराब झाले की उरतो तो नुसता पत्र्याचा डबा.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथून मी मस्कतच्या एका दुकानात गेलो. तळोज्याचे हारुनभाई तेव्हा मस्कतला नोकरी करत. त्यांनी मला विकत घेतले, चादरीत गुंडाळले आणि सुट्टीवर येताना घरी आणले. पुढे त्यांनी मला रबाळे गावातल्या कान्हाला दिले. कान्हाची खाडीकाठची शेती नवी मुंबई वसवताना सिडकोत गेली होती. तो कारखान्यात पाळीवर जायचा आणि घराच्या पडवीत त्याने व्हिडिओ सेंटर काढले होते. सेंटर त्याच्या नावाचे, पण चालवायची त्याची बायको गोजरा.

गोजराबाईला अक्षर येत नव्हते. कॅसेटच्या डब्यावरचे चित्र पाहून ती सिनेमा ओळखायची. दसऱ्याला ती मला झेंडूचा हार घालायची. पडवीत सतरंजी अंथरली की गावातली माणसे, कारखान्यात काम करणारे भाडेकरू, कडेवरची पोरे, सगळे माझ्यासमोर बसायचे. त्या दिवसांत माझ्यासारखा मान गावात कोणाला नव्हता.

हारुनभाई दर सुट्टीला नव्या कॅसेट आणायचे. एकदा त्यांनी इटलीतला एक खुनाचा सिनेमा आणला. एका मोठ्या बंगल्याच्या बागेत झाडे ठेवायचे काचघर, आणि काळे हातमोजे घातलेला खुनी. भाषा कोणाला कळत नव्हती, तरी गर्दी झाली. गावाने त्याचे नाव 'काचघर' ठेवले.

पण सिनेमा संपला तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी डॉक्टरला पकडतात, पण तोच खुनी हे कशावरून कळले, ते कोणालाच समजेना. मस्कतला मिठ्या-मुके कापून टाकत. त्या कापाकापीत कुठलातरी महत्त्वाचा भाग गेला होता. पुढच्या सुट्टीत हारुनभाईंनी त्याच सिनेमाची दुसरी कॅसेट आणली. ती लंडनहून आलेली होती. तिच्यात काचघरात डॉक्टरने एका बाईला मारलेली मिठी होती आणि ज्या अंगठीवरून तो ओळखला जातो, ती त्याच्या बोटात दिसत होती. मात्र तिथल्या लोकांनी रक्त कापले होते.

त्या दिवशी पहिली कॅसेट न पाहिलेले, कारखान्यातले धनाजी उठून उभेच राहिले. "वहिनी, ती मोलकरीण कुठं गेली ओ? चहा घेऊन काचघरात गेली ती परत आलीच नाही!"

"मना काय म्हायती? माजे घरान हाय काय ती?" गोजराबाई म्हणाली.

"अर्धा पिक्चर दाखवता आणि वर आम्हालाच बोलता!"

सगळे हसले. गोजराबाई हसली नाही. तिला ते लागले.

दुसऱ्या दिवसापासून तिने दोन्ही कॅसेट आलटून पालटून माझ्यात घालायला सुरुवात केली. थोडी ही, थोडी ती. एकीत काय नाही आणि दुसरीत काय आहे, हे ती डोळ्यांनी टिपत गेली. मोलकरणीचा खून मस्कतच्या कॅसेटमध्ये होता. मिठी आणि अंगठी लंडनच्या कॅसेटमध्ये होती. अर्धा अर्धा सिनेमा दोन डब्यांत पडून होता.

मित्रांनो, तुमच्या आजीला विचारा, लुगडे मधोमध विरले की पूर्वी बाया काय करत. विरलेला भाग काढून टाकायच्या, चांगले तुकडे एकमेकांना जोडायच्या आणि पुन्हा नेसायच्या. त्या जोडाला दंड घालणे म्हणतात. गोजराबाईने कॅसेटला दंड घालायचे ठरवले. जिथे कापायचे तिथे ती मला थांबवायची, माझे झाकण उघडायची आणि फितीवर नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्यायची. मग पाटावर बसून कात्रीने फीत कापायची आणि हेडला लागत नाही त्या बाजूने चिकटपट्टी लावायची. एकदा फीत वाकडी जोडली गेली, तिने ती सोडवून पुन्हा जोडली. चार ठिकाणी दंड घातले आणि कॅसेट तयार झाली.

तेवढ्यात कान्हा पाळीवरून आला. तिच्या हातातली कॅसेट पाहून तो ओरडला, "गोजरे, याड लागला काय तुला? त्यो चिकाट हेडला लागला त मशीन मरंल! या मशीनवं आपली चूल पेटते."

"एक डाव लावून बगते."

"नाय म्हंजे नाय!"

घरात दोन लहान मुले होती आणि शेती गेलेली होती. तो खोटे बोलत नव्हता हे तिलाही कळत होते. "आज नाय त उंद्या लावीन. पन लावीन," एवढे बोलून तिने कॅसेट पितळी डब्यात ठेवली.

तो उद्या काही आला नाही. केबल आली, सीडी आली, पडवी रिकामी झाली. कान्हा वारला. रबाळ्याच्या घराच्या जागी इमारत उभी राहिली आणि गोजराबाई मुलाकडे खारघरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मला माळ्यावर, जुन्या पंख्याशेजारी ठेवले. दमट हवेने माझे रबरी पट्टे चिकट झाले. कितीतरी वर्षे मला कोणी हात लावला नाही.

गेल्या वर्षी गोजराबाईच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. काचबिंदू आहे, उजवाही हळूहळू जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. ती रडली नाही. सकाळी उठली की खिडकीत उभी राहून समोरच्या डोंगराकडे बघायची आणि नात स्नेहलला सांगायची, "हाय, अजून दिसतंय."

स्नेहलची मैत्रीण तूबा ही हारुनभाईंची नात. तूबाचा छंद वेगळाच आहे. युरोपातले जुने खुनाचे सिनेमे ती जमवते. एकाच सिनेमाच्या वेगवेगळ्या देशांत निघालेल्या डिस्क आणते, दोन पडद्यांवर शेजारी शेजारी लावते आणि कोणी कुठे काय कापले ते शोधते. एका रविवारी ती तीन डिस्क घेऊन आली. डब्यावरचे चित्र डोळ्याजवळ धरून गोजराबाई म्हणाली, "यो त काचघर! माजा पन हाय एक."

पितळी डबा उघडला. तूबाने कॅसेटची खिडकी उजेडात धरली आणि तिला चिकटपट्टी दिसली. "आजी, हे तू केलंस? स्नेहल, अगं हा चौथा कट आहे! जगात कोणाकडे नाही!"

मला माळ्यावरून काढले. तूबाने नवे पट्टे घातले, आतली धूळ पुसली, कॅसेटच्या कडेवरची बुरशी काढली. एक जुनी कॅसेट लावून पाहिली, तेव्हा मी चाललो. पण तिने स्पष्ट सांगितले, "हे जोड लय जुने आहेत. गम हेडला लागला तर मशीन गेली. नवीन हेड आता मिळत नाही."

"आजी, मग राहू दे ना," स्नेहल म्हणाली. "डिस्कवर पूर्ण पिक्चर आहे. तो बघ. टेन्शनच नाही."

"त्यो तुमचा पुरा. मना माजा बगायचाय. मशीनीला जपून जपून मी म्हातारी जाली. आता डोला हाय तवर लाव."

आणि मित्रांनो, तेव्हा मीही ठरवले. ही कॅसेट मी शेवटपर्यंत चालवणार.

दुपारी पडदे ओढले. तूबाने लॅपटॉपवर इटलीची डिस्क लावून तुलनेसाठी शेजारी ठेवली. कॅसेट माझ्या आत आली. फीत जुनी, कडक झालेली. पहिला दंड हेडवरून गेला तेव्हा मला मोठा हिसका बसला. चित्र उडाले, एक पांढरी रेघ वर सरकली आणि चित्र पुन्हा स्थिर झाले. गोजराबाई टीव्हीपासून हातभर अंतरावर पाटावर बसली होती. ती म्हणाली, "धरला!"

दुसरा दंडही टिकला. तेवढ्यात तूबा पुढे सरकली. "आजी, थांब. ही मिठी इथे नाही. ओरिजनलमध्ये मोलकरीण आधी मरते, मिठी खूप नंतर येते. तुझ्या लंडनच्या कॅसेटमध्येपण नंतरच असणार. तू चुकून आधी जोडलीस."

"चुकून नाय. मीच पुढं आनली."

"का पण?"

"अगो, ती मोलकरीन चा घेऊन गेली नि मेली. उगाच? कोन कशाला मारंल तिला? तिनं त्या दोगांना बगितलं म्हनून मेली. मानूस असा बिनकारनाचा मरत नाय."

तूबाने लॅपटॉप बंद केला. "हे त्या इटलीवाल्याला नाही सुचलं गं."

"त्याला धनाजी भेटला नाय ना," गोजराबाई म्हणाली आणि दोघी पोरी खो खो हसल्या.

तिसऱ्या दंडाला गम सुटलेला होता. तो माझ्या हेडला लागला. मी जोर लावला, फीत पुढे ओढली, दंड सुटू दिला नाही. पण हेड भरले. टीव्हीवर चित्राऐवजी नुसते पांढरे ठिपके नाचू लागले. खोलीत अंधार होता आणि मुली अजून हसत होत्या.

गोजराबाईने डोळे चोळले. पुन्हा बघितले. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, "स्नेहल, माजा डोला गेला काय गो?"

स्नेहलचे हसू थांबले. तिने टीव्हीकडे पाहिले आणि आजीचा हात धरला. "नाही गं आजी! डोळा नाही गेला. मशीनचं हेड गेलं. आम्हालापण ठिपकेच दिसतायत."

"मशीनचा व्हय?" गोजराबाईने मोठा श्वास सोडला. "मंग बरा! मना वाटला माजाच."

माझ्या बिघाडाने कोणाला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

तूबाने माझे झाकण उघडले. मऊ कातड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून तिने हेडला टेकवला आणि दुसऱ्या हाताने हेड हळूच फिरवले. एकदा, दोनदा, पुन्हा. काळा गम निघत गेला. "चाललं तर चाललं," ती म्हणाली. मी माझ्याकडून काहीच कमी ठेवले नाही. आधी आवाज आला, मग चित्र. खालची चार बोटे ठिपके राहिले, पण काचघर दिसत होते. शेवटचा दंडही पार झाला. डॉक्टर पकडला गेला आणि या वेळी खोलीतल्या तिघींनाही कळले, की तो का पकडला गेला.

फीत संपली. गोजराबाई म्हणाली, "मागं फिरव. पुन्ना लाव."

"आजी, हेड खरंच जाईल हां," स्नेहल म्हणाली.

"जाव दे. माजा डोला बी जानार हाय. तवर दोगांनी काम करायचा."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र असेल. त्याची धूळ पुसा, त्याला तेलपाणी करा, दमट हवेपासून सांभाळा. पण खराब होईल या भीतीने त्याला माळ्यावर टाकू नका. चालवले तर मी झिजेन, हे खरे आहे. पण ठेवून दिले तर मी नुसताच गंजेन, आणि ज्यांच्यासाठी राखून ठेवले त्यांचे डोळे तोवर थांबणार नाहीत. मला झिजायचे आहे.

फीत मागे फिरवून झाली आहे. गोजराबाई पाट आणखी पुढे ओढून बसली आहे. स्नेहल, बटण दाब.